टायरची रुंदी

म्हैसूर शहराच्या आग्नेयेस चामुंडी टेकडी उभी आहे. समुद्रसपाटीपासून ती हजार मीटरांहून अधिक, तर शहरापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच आहे. वळणे घेत माथ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पहाटे अनेक सायकलस्वार दिसतात. पुष्कळांच्या सायकली हलक्या, वाकड्या हँडलांच्या आणि बोटाएवढ्या अरुंद टायरांच्या असतात. या सायकलीला ‘रोड बाइक’ म्हणतात. गुळगुळीत डांबरावर ती वाऱ्यासारखी धावते. परंतु कृष्णराजसागर धरणाच्या परिसरात कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर ती उतरली, की स्वाराचे मनगट दुखू लागते आणि खड्ड्यात ट्यूब फुटण्याची धास्ती वाटते.

अशा वाटांसाठी अलीकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ या नावाची सायकल विकली जाते. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल तसेच वाकडे, पण टायर सुमारे 40 मिलिमीटर रुंद, त्यासाठी चिमट्यात अधिक मोकळी जागा, चढासाठी हलके गिअर आणि बहुधा डिस्क ब्रेक. चांगल्या सायकलीची किंमत एखाद्या मोटारसायकलीइतकी असू शकते. म्हणूनच ज्याच्या घरी रोड बाइक आहे त्याला ही दुसरी खरोखर हवी काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

उत्तर शोधताना एका जुन्या वस्तूकडे पाहणे उपयोगी ठरेल. दुधाचे कॅन लटकवून खेड्यातून शहरात येणाऱ्या काळ्या सायकलीच्या टायरच्या कडेवर 28 × 1½ असे आकडे उमटवलेले असतात. पहिला आकडा चाकाचा व्यास, दुसरा टायरची रुंदी, दोन्ही इंचांत. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. जी रुंदी आज नवलाईची म्हणून विकली जाते, ती दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या सायकलीला पूर्वीपासून आहे. घरी जुनी सायकल असल्यास विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः वाचून पाहावेत.

सायकलींची शर्यतही खडीवरच वाढली. फ्रान्सची प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यत 1903 साली सुरू झाली, तेव्हा तिचे बरेचसे रस्ते कच्चे होते. मुंबईचे आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण 1923 साली सायकलीवरून जगप्रवासास निघाले आणि 1928 साली परतले. सुमारे 71,000 किलोमीटरांच्या त्या प्रवासात इराणची वाळवंटेही आली. त्यांच्या काळी ‘ग्रॅव्हल बाइक’ हे नावही नव्हते. खडीच्या रस्त्यांवरील पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र 2022 साली इटलीत झाली.

आता रुंदीने नेमके काय साधते? पूर्वी असा समज होता, की टायर जितका अरुंद व हवेने जितका ताठ, तितका वेग अधिक. काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर त्यात तथ्य आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र ताठ टायर प्रत्येक खड्यावर उसळतो. स्वार आणि सायकल दोघांनाही तो क्षणभर वर उचलतो, आणि या उचलण्यात पायांची शक्ती वाया जाते. रुंद टायरमध्ये कमी दाबाची हवा चालते. खडा आला की टायर तेवढ्यापुरता दबतो आणि चाक पुढे सरकते. हे ध्यानात आल्यावर शर्यतपटूंनीही 23 मिलिमीटरचा टायर सोडून 25 आणि पुढे 28 मिलिमीटरचा स्वीकारला.

तरीही दूधवाल्याची सायकल म्हणजेच ग्रॅव्हल बाइक, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती वजनाने जवळजवळ दुप्पट असते. गिअर नसल्याने चामुंडीच्या चढावर तिच्या मालकाला खाली उतरून चालावे लागेल आणि उतरताना तिचे ब्रेक दमतील. रोज मुरमाच्या रस्त्याने दूरचा प्रवास करणाऱ्यास, किंवा प्रथमच आणि एकच सायकल घेणाऱ्यास, ग्रॅव्हल बाइक अधिक शहाणपणाची. कारण तिच्यावर डांबरी रस्ताही सुखाने कापता येतो. थोडा वेग कमी होतो, एवढेच.

ज्याच्याकडे रोड बाइक आहे त्याने दुकानात जाण्यापूर्वी चिमट्यातील जागा मोजावी. टायर आणि चिमटा यांमध्ये दोन्ही बाजूंना सुमारे चार मिलिमीटर अंतर राखून 28 किंवा 30 मिलिमीटरचा टायर बसत असेल, तर टेकडीसाठी, शहरासाठी आणि कोरड्या दिवसांतील बऱ्या मातीच्या वाटेसाठी केवळ टायर बदलणे पुरे. ट्यूबमधील हवाही थोडी कमी ठेवावी. 25 मिलिमीटरच्या पुढे काहीच बसत नसेल, तर कालव्याची वाट त्या सायकलीसाठी नाही. पावसाळ्यात तर चिकट माती चिमट्यात अडकून चाकच थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.