‘संयुग ई’ची कथा : डॉ. केंडॉल आणि अधिवृक्क ग्रंथी

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते. तिचे नाव अधिवृक्क ग्रंथी. तिच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन स्रवते. परंतु तिची साल, म्हणजे बाह्यक, जगण्यासाठी त्याहून आवश्यक आहे. ही ग्रंथी बिघडली की माणूस खंगत जातो व त्याची कातडी काळवंडते, हे लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली दाखवून दिले. पण त्या सालीत असते तरी काय? हे कोडे सोडविण्यात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड केंडॉल (१८८६–१९७२) यांचा वाटा फार मोठा आहे.

केंडॉल १९१४ साली मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्यांना अवटू ग्रंथीतील थायरॉक्सिनचे स्फटिक मिळाले. पुढे सुमारे तीन टन ग्रंथींतून त्यांच्या हाती अवघे ३३ ग्रॅम थायरॉक्सिन आले! संप्रेरकांच्या संशोधनात कच्चा माल किती आणि पक्का माल किती, याचा हा हिशेब आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना थक्क करणारा आहे.

१९३० नंतर ते अधिवृक्काकडे वळले. गुरांच्या ग्रंथींपासून मिळालेल्या पदार्थांना त्यांनी ए, बी, ई, एफ अशी साधी नावे दिली. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन हेही स्वतंत्रपणे हेच काम करीत होते. ‘संयुग ए’ प्रयोगशाळेत तयार झाले; पण अ‍ॅडिसनच्या रोग्यांना त्याचा उपयोग होईना. इतक्या वर्षांचे श्रम वाया गेले असे कुणालाही वाटले असते. तरीही काम थांबले नाही. मर्क कंपनीतील सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्या चढून, ‘संयुग ई’ बनविले.

केंडॉल यांचे सहकारी डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये हे औषध संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला दिले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. ‘संयुग ई’ म्हणजेच कॉर्टिसोन. १९५० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच व राइखस्टाइन यांना विभागून मिळाले.

परंतु जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. १९४९ मध्ये एका ग्रॅमला सुमारे २०० डॉलर पडत. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या रसायनातील सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करवून घेतली, तेव्हा कुठे किंमत झपाट्याने उतरली. दुसरी किंमत शरीर मोजते. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. शिवाय बाहेरून आयता पुरवठा होऊ लागला की आपली ग्रंथी आळसावून आक्रसते. अशा वेळी औषध एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून स्टेरॉइड मनाने सुरू करू नये आणि मनाने थांबवूही नये.

२०२० साली कोरोनाच्या अत्यवस्थ रोग्यांचे प्राण वाचविणारे स्वस्त डेक्सामेथासोन हे याच कुळातले. एका चिमुकल्या ग्रंथीच्या सालीपाशी वर्षानुवर्षे चिकाटीने बसलेल्या माणसांचे हे देणे आहे.