कार्डाचा अर्ज नाकारला, पुढे काय?

प्रश्न : क्रेडिट कार्डाचा अर्ज बँकेने फेटाळल्यास दाद मागता येते का?

उत्तर : कार्ड देणे न देणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, तो बदलून द्या, असे सांगण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालालाही नाही. मात्र नकाराचे नेमके कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे. ‘अंतर्गत धोरणानुसार’ एवढ्यावर बोळवण झाली, तर तक्रार जरूर करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, की लोकपालाचे दार उघडते.

कारण पतअहवालातले असेल, तर खरी लढाई तिथेच. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मोबाइलच्या हप्त्यांचे फिटलेले कर्ज त्यात ‘चालू’ दिसणे, ही नेहमीची भानगड. ना-देय प्रमाणपत्र जोडून कंपनीकडे हरकत नोंदवावी. दुरुस्ती ३० दिवसांत व्हायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई अर्जदाराला मिळते. तडजोडीत मिटवलेल्या कर्जाचा ‘सेटल्ड’ शेरा मात्र खरा असल्यास हरकतीने पुसला जात नाही.

दरम्यान चार बँकांकडे अर्ज टाकत सुटू नये. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात उमटते. मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड तोवर सोयीचे.