मधुमेह आणि मूत्रपिंडांचे आरोग्य : प्रतिबंधाची दिशा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून प्रौढ लोकसंख्येत त्याचे प्रमाण ११.४ टक्के आहे. गोव्यात ते सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. मधुमेहामुळे डोळे, हृदय आणि मज्जातंतू यांच्याप्रमाणेच मूत्रपिंडांनाही इजा होते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे ते एक प्रमुख कारण आहे.

विकार कसा वाढतो?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळणी-एकके (नेफ्रॉन) असतात. त्यांतून दररोज सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो. त्यापैकी बहुतांश पुन्हा रक्तात शोषला जातो व जेमतेम दीड-दोन लीटर लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास या गाळण्यांतील केशवाहिन्यांवरील दाब वाढतो, त्यांच्या भिंती जाड होतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. उच्च रक्तदाबाची जोड मिळाल्यास ही हानी वेगाने होते.

या अवस्थेत रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. पायांवर सूज, थकवा, भूक मंदावणे ही लक्षणे दिसेपर्यंत कार्यक्षमतेचा मोठा भाग गेलेला असतो व तो सहसा परत मिळत नाही. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता तपासणी करणे आवश्यक ठरते.

दोन सोप्या तपासण्या

पहिली तपासणी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची. हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमपेक्षा कमी असणे सामान्य मानतात. दुसरी रक्तातील क्रिएटिनिनची. त्यावरून गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिल्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, तर १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंड निकामी झाल्याचे समजतात. टाइप-२ मधुमेहात निदानाच्या वेळीच आणि टाइप-१ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी या तपासण्या सुरू कराव्यात व दरवर्षी कराव्यात.

प्रतिबंध व उपचार

बहुतेक रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारे एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आसपास आणि रक्तदाब १३०/८० पेक्षा कमी राखण्याचे उद्दिष्ट असते. वय व अन्य आजारांनुसार डॉक्टर त्यात बदल करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मिठाचे सेवन दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणची, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावे लागते. तंबाखू वर्ज्य करावी. वेदनाशामक गोळ्या व अज्ञात घटकांची चूर्णे वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

रक्तदाबावरील काही औषधे लघवीतील प्रथिनांची गळती कमी करतात. ‘एसजीएलटी-२ प्रतिबंधक’ गटातील औषधे मूत्रपिंडांची घसरण मंदावतात, हे २०१९ पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२५ मध्ये संपल्यावर त्याचे स्वस्त पर्याय उपलब्ध झाले.

शासकीय उपाययोजना

असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याचे नाव व व्याप्ती विस्तारण्यात आली. त्याअंतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी केली जाते. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे.

तथापि, डायलिसिस मोफत असले तरी आठवड्यातून साधारणतः तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास त्यासाठी द्यावे लागतात. दूरच्या गावातील शेतमजुराला प्रवासखर्च करावा लागतो, शिवाय रोजगारही बुडतो. त्याच्या कुटुंबाचे हे नुकसान कोणतीही उपचार योजना पूर्णपणे भरून काढू शकत नाही. ते वेळीच केलेल्या लघवी व रक्ताच्या तपासणीने टळू शकते.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असून त्यात सुधारणा करणे हे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानुसार राज्यसंस्थेचे प्राथमिक कर्तव्य आहे. साखर व रक्तदाबाच्या तपासणीबरोबर लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नियमितपणे पोहोचविणे, हा त्या कर्तव्याचा पुढील टप्पा ठरेल.