घाटांतील सांधा आणि चालकांचीं मतें



कांहीं वर्षांमागें आम्हीं वरच्या वर्गास ‘रस्त्यावरील अपघात’ हा निबंधाचा विषय दिला होता. बहुतेक वह्यांत एकच वाक्य आढळलें: ‘अपघात चालकांच्या निष्काळजीपणामुळें होतात.’ एका मुलानें मात्र कांहींच लिहिलें नव्हतें. कारण विचारतां तो म्हणाला, “सर, माझे वडील ट्रक चालवतात. ते निष्काळजी नाहींत. पण घाटांतली ती जागा त्यांनाहि नकोशी वाटते.” हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. ती जागा कोणती व चालक तिच्याविषयीं काय म्हणतात, हें समजून घेण्याचा आम्हीं तेव्हां जो यत्न केला, त्याचें सार येथें देत आहों.

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग सुमारें ९५ किलोमीटर लांबीचा असून तो २००२ सालीं पूर्णपणें वाहतुकीस खुला झाला. जाण्यास तीन व येण्यास तीन, असा तो सहापदरी बांधलेला आहे. मुंबई-पुण्याचा जुना महामार्ग चौपदरी आहे. खालापूर सोडून घाट चढूं लागलें म्हणजे आडोशीच्या बोगद्याजवळ हे दोन्ही रस्ते एकत्र होतात, आणि खंडाळ्याच्या फाट्याशीं पुनः वेगळे होतात. मधला रस्ता मात्र सहापदरीच. म्हणजे दहा पदरांची वाहतूक सहा पदरांनीं वाहावी, अशी ह्या सांध्याची मूळ रचना होय.

आतां थोडें गणित करूं. पुढील वाहनापासून निदान दोन सेकंदांचें अंतर राखावें, असें वाहन शिकणाऱ्यास सांगतात. तें पाळलें तर एका पदरांतून मिनिटास ३० वाहनें जातील. तीन पदरांतून ९०. समजा, वर जाणाऱ्या बाजूस दोन्ही रस्त्यांचे मिळून पांच पदर येत आहेत, व प्रत्येकांतून मिनिटास केवळ २० वाहनें धांवत आहेत. पांचांपैकीं एकहि पदर भरलेला नाहीं. तरीहि सांध्याशीं मिनिटास १०० वाहनें येऊन ठेपतात. त्यांपैकीं १० मागें राहतात, आणि तासाभरांत ६०० वाहनांची रांग लागते. ह्यांत कोणा चालकाचा अपराध झाला काय? मुळींच नाहीं. शिवाय हा हिशेब सपाटीचा झाला. चढणीवर भरलेले ट्रक मंदावतात, तेव्हां तीन पदरांतून ९० वाहनेंहि जात नाहींत.

आम्हीं टोलनाक्यालगतच्या चहाच्या दुकानांत बसून चालकांस त्यांचें मत विचारलें. एक वृद्ध ट्रकचालक म्हणाले, “मोटारवाल्यांना वाटतं, आम्ही मुद्दाम आडवे येतों. पण भरली गाडी चढावर एकदां थांबली, कीं पुनः उचलणं कठीण. पुढचा ट्रक आमच्याहून मंद असला, तर त्याच्या बाजूनं निघाल्यावांचून दुसरा उपाय नसतो.” मोटार चालविणाऱ्या एका गृहस्थांनीं सांगितलें, “मोकळ्या रस्त्यानं वेगांत आलों, आणि वळणापुढं पाहतों तों तिन्ही पदर ट्रकांनीं व्यापलेले. ब्रेक दाबण्याला अवकाशच राहत नाहीं.” एस. टी.चे एक चालक हंसून म्हणाले, “मास्तर, खंडाळ्याच्या फाट्याशीं रोज गोफ विणला जातो. लोणावळ्याला जाणारे एकदम डावीकडे येतात, पुण्याला जाणारे उजवीकडे घुसतात. गोफाच्या खेळांत दोऱ्या एकमेकींवरून जातात. इथं गाड्या जातात!”

प्रत्येकानें दोष दुसऱ्यास दिला, हें तुमच्या ध्यानांत आलें असेल. पण सर्वांनीं बोट दाखविलें तें एकाच जागेकडे. ह्या विषयांतील मुख्य धडा आम्हांस येथेंच सांपडला. एखादा चालक निरनिराळ्या ठिकाणीं चुकत असेल, तर चालक तपासावा. पण नवे-जुने, सावध-बेसावध असे सर्वच जर एका ठिकाणीं अडखळत असतील, तर रस्ता तपासावा. ताशीं १०० किलोमीटर वेगाचें वाहन एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जातें. फाट्याची पाटी २०० मीटरांवरून दिसली, तर ती वाचून, आरशांत पाहून, पदर बदलण्यास सातच सेकंद मिळतात. रोजच्या चालकास हें साधेल. प्रथमच येणाऱ्यास साधेल काय? रस्ता प्रथमच येणाऱ्या माणसाकरितां बांधला पाहिजे.

ह्याचा अर्थ चालक सर्वस्वी निर्दोष असतो, असा नव्हे. घाट उतरतांना डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे आहेत, हें त्या वृद्ध चालकांनींच खेदानें कबूल केलें. तसें केल्यास इंजिनाचा अटकाव नाहींसा होतो, सर्व भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात आणि ऐन वेळीं लागत नाहींत. “ज्या गिअरवर चढावं, त्याच गिअरवर उतरावं,” हा त्यांचा नियम वाहन शिकणाऱ्या प्रत्येकानें स्मरणांत ठेवावा.

रचनेंतील चूक सुधारतां येते, ह्याची साक्ष हाच बोरघाट देतो. १८६३ सालीं येथें रेल्वे सुरू झाली, तेव्हां खंडाळ्याखालीं गाडी एका टोकाशीं थांबवून, इंजिन दुसऱ्या बाजूस जोडून, उलट दिशेनें वर न्यावी लागे. १९२९ सालीं नवा मार्ग काढून ही अडचण दूर केली गेली. १८३० सालचा अमृतांजन पूल द्रुतगती मार्गावर उभा होता. त्याच्या खांबांमुळें रस्ता आंखडत असे, म्हणून एप्रिल २०२० मध्यें तो पाडण्यांत आला. आणि ह्याच सांध्याचा भार हलका करण्यासाठीं दोन बोगदे व दोन उंच पूल असलेल्या सुमारें १३ किलोमीटरांच्या नव्या मार्गाचें काम २०१९ सालीं हातीं घेण्यांत आलें. चहाच्या दुकानांतील तक्रार खोटी नव्हती, हेंच ह्यावरून सिद्ध होतें.

त्या मुलास आम्हीं वही परत दिली व चालकांनीं सांगितलेलें सर्व वर्गास ऐकविलें. मग त्यानें निबंध लिहिला, आणि इतर पुष्कळांनीं आपलें पहिलें वाक्य खोडलें. तुमच्यापैकीं कोणी उद्यां इंजिनियर होतील, कोणी चालक होतील, कोणी न्यायासनावरहि बसतील. अपघाताची वार्ता कानीं येतांच ‘चूक कोणाची?’ असें विचारण्यापूर्वीं ‘ही जागा कशी आहे, व येथें पूर्वीं काय काय घडलें?’ एवढें विचारण्याची संवय आतांपासून लावून घ्या, एवढेंच आमचें सांगणें आहे.