किनाऱ्यावर गाळा घेताना

कर्जतच्या व्यापाऱ्याने ज्वारी-तुरीसाठी रत्नागिरीत छोटा गाळा भाड्याने घ्यायचे ठरविले, तर आपल्या दुष्काळी मुलखाचा हिशेब त्याने घरीच ठेवावा. तेथे पावसाळाभर हवा दमट असते. भिंतीला टेकलेली पोती बुरसतात. पोत्यांखाली लाकडी फळ्या घालाव्यात, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. खाऱ्या हवेने शटरची खालची पट्टी व कडी-कोयंडा गंजतो. तो वाकून पाहावा. कुलूप पितळी घ्यावे.

खरी सुरक्षितता मात्र कागदात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरी आपल्याकडे ‘ओळखीतलेच आहेत’ म्हणून कागद टाळतात! उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ओळखीच्यांना त्यातून सूट नाही.

‘हेवी डिपॉझिट’पासून विशेष सावध राहावे. मोठी रक्कम द्यायची, गाळा बिनभाड्याने वापरायचा आणि शेवटी रक्कम पूर्ण परत घ्यायची, हा कर्जावरचा नफाच, असे अनेक उलेमांचे मत आहे. त्यापेक्षा रास्त भाडे ठरवावे, अनामत थोडी ठेवावी आणि ती परत देण्याची मुदत करारातच लिहून घ्यावी.