संगणकातला किल्ला

(कुवेतमध्ये राहणाऱ्या दोन मराठी भावंडांनी दूर गेलेल्या मित्राबरोबर खेळण्यासाठी घरच्या संगणकावर सर्व्हर सुरू केला. तो कसा सुरू केला आणि त्याबरोबर कोणती जबाबदारी आली, ते या पाठात वाचा.)

कुवेत हा आखाताच्या काठावरचा एक छोटा देश आहे. फरवानिया हा त्यातला गजबजलेला भाग. कुवेतचा विमानतळ याच विभागात आहे. नोकरीनिमित्त आलेली अनेक भारतीय कुटुंबे येथे राहतात. येथील उन्हाळा फार कडक असतो. २०१६ साली जुलै महिन्यात कुवेतमधील मित्रिबाह या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात मुले बाहेर कशी खेळणार? ती घरातच खेळतात.

फरवानियातील एका इमारतीत चौथ्या मजल्यावर छोटू आणि त्याची ताई राहत होती. छोटू चौथीत होता, ताई आठवीत. शेजारच्या घरात छोटूचा मित्र राहत असे. दिवाळी आली, तेव्हा दोघांना किल्ला करावासा वाटला. पण चौथ्या मजल्यावर दगडमाती कोठून आणणार? मग त्यांनी संगणकातच किल्ला बांधायचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी माइनक्राफ्ट हा खेळ निवडला. स्वीडनमधील मार्कुस पर्सन यांनी हा खेळ २००९ साली लोकांपुढे आणला. २०११ साली तो पूर्ण झाला. या खेळात माती, दगड, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे असतात. एक ठोकळा एक मीटर उंचीचा मानतात. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर, पूल, किल्ला, काय हवे ते बांधता येते. हरणे-जिंकणे यापेक्षा बांधण्यातच खरी मजा असते.

मित्र आपल्या बाबांचा लॅपटॉप घेऊन छोटूकडे येई. दोघे शेजारी बसून रायगड बांधत. महादरवाजा झाला. टकमक टोक अर्धे झाले. इतक्यात मित्राच्या बाबांचा नोकरीचा करार संपला आणि ते कुटुंब सांगलीला परतले.

एके दिवशी मित्राचा फोन आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "आपला किल्ला कसा आहे रे?"

छोटूला उत्तर देता येईना. फोन ठेवून तो ताईकडे गेला.

"ताई, त्याला सांगलीहून आपल्या किल्ल्यात येता येईल का?"

"येईल," ताई म्हणाली, "पण त्यासाठी आपल्याला सर्व्हर चालवावा लागेल."

"सर्व्हर म्हणजे काय?"

"सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा देणारा संगणक. सध्या किल्ला आपल्या संगणकात आहे. तू खेळ बंद केलास की किल्लाही बंद होतो. सर्व्हर चालू असला, तर तू खेळत नसलास तरी किल्ला उघडा राहील. तू एक दगड ठेवलास की तुझा संगणक ते सर्व्हरला कळवील. सर्व्हर त्याची नोंद करील आणि तुझ्या मित्राच्या संगणकाला सांगील. हे काम तो एका सेकंदात वीस वेळा करतो. म्हणून दोघांना एकच किल्ला दिसतो."

"पण सांगली तर किती लांब आहे!"

"कुवेतपासून मुंबईच अडीच हजार किलोमीटरांहून दूर आहे. पण समुद्राच्या तळाशी केबली टाकलेल्या आहेत. फाल्कन नावाची एक केबल कुवेतलाही येते आणि मुंबईलाही जाते. अशा केबलींमधून प्रकाशाच्या रूपात संदेश धावतात. पापणी लवण्याच्या आत ते पोहोचतात."

छोटू आनंदाने उड्या मारू लागला. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "आजवर आपला किल्ला घरात होता. आता आपण त्याचे दार बाहेरच्या जगाकडे उघडणार. दार उघडले की पहाराही ठेवावा लागतो. ठेवाल ना?"

दोघांनी होकार दिला.

शुक्रवारी सुट्टी होती. बाबा आणि ताई कामाला लागले. सर्व्हरचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. तो माइनक्राफ्टच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यायचा, असे बाबांनी बजावले. पहिल्यांदा सुरू करताच तो लगेच थांबला. खेळाच्या अटी मान्य आहेत का, हे तो विचारत होता. बाबांनी अटी नीट वाचल्या आणि मगच संमती दिली.

पुढचे काम राउटरचे होते. बाहेरून येणारा संदेश आधी राउटरकडे येतो. घरात फोन, लॅपटॉप, दूरदर्शन संच अशी कितीतरी यंत्रे असतात. संदेश कोणाला द्यायचा, हे राउटरला कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो. त्याला पोर्ट म्हणतात. या खेळाचे पोर्ट सहसा २५५६५ असते. या क्रमांकावर आलेला संदेश आपल्या संगणकाकडे पाठवावा, असे बाबांनी राउटरमध्ये नोंदवले.

"आता पहारेकरी नेमू," ताई म्हणाली. तिने परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी केली. यादीत तीनच नावे होती: छोटू, ताई आणि मित्र. यादीत नाव नसलेल्याला सर्व्हर आत घेत नाही.

खेळाची वेळही ठरली. भारताचे घड्याळ कुवेतच्या अडीच तास पुढे असते. म्हणून शनिवारी फरवानियात दुपारी चार, म्हणजेच सांगलीत संध्याकाळी साडेसहा, ही वेळ दोघांना सोयीची झाली.

पहिल्या शनिवारी महादरवाज्यापाशी एक आकृती उभी राहिली. फोनवरून ओरडणे ऐकू आले, "अरे, मी आलो!" छोटूने टाळ्या वाजवल्या.

काही दिवसांनी सर्व्हरच्या नोंदीत एक अनोळखी नाव दिसले. कोणीतरी आत येऊ पाहत होते. यादीत नाव नसल्यामुळे त्याला आत येता आले नव्हते.

"घेऊया का त्याला? खेळायला आणखी एक गडी मिळेल," छोटू म्हणाला.

"तो कोण आहे, ते तुला ठाऊक आहे का?" ताईने विचारले.

छोटूने मान हलवली. मित्रालाही तो कोण ते ठाऊक नव्हते. दार बंदच राहिले.

एका शनिवारी खेळ संपला, तेव्हा छोटूला जेवायला हाक आली. सर्व्हर बंद करण्याआधी 'थांब' ही आज्ञा द्यावी लागते. मग तो सर्व जग नीट जपून ठेवतो. घाईत छोटूने आज्ञा न देताच संगणकाचे बटण बंद केले. दुसऱ्या दिवशी किल्ला उघडेना. छोटूच्या डोळ्यांत पाणी आले.

ताई दर शनिवारी खेळ सुरू होण्यापूर्वी किल्ल्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी जपून ठेवत असे. तिने ती प्रत आणली. किल्ला उघडला. पण शनिवारी बांधलेला बुरूज त्यात नव्हता. तो बुरूज एकट्या मित्राने बांधला होता.

"त्याला कोण सांगणार?" ताईने विचारले.

"मीच सांगतो," छोटू हळूच म्हणाला. त्याने फोन लावला आणि झालेली चूक सांगितली.

मित्र क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बरे झाले सांगितलेस. पुढच्या शनिवारी दोघे मिळून बांधू. आणि संगणक बंद करताना मला फोनवर सांगत जा. मी आठवण करीन."

त्या शनिवारी बुरूज पुन्हा उभा राहिला. दिवाळीपर्यंत गंगासागर तलावही तयार झाला.

शब्दार्थ
गजबजलेला - माणसांची वर्दळ असलेला
करार - ठरावीक मुदतीसाठी केलेला लेखी ठराव
बजावणे - निक्षून सांगणे
बुरूज - किल्ल्याच्या तटाचा बाहेर आलेला, टेहळणीसाठी बांधलेला भाग
प्रत - नक्कल

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलांनी संगणकात किल्ला बांधायचे का ठरवले?
(आ) खेळाडूंच्या यादीत किती नावे होती?
(इ) सर्व्हर बंद करण्याआधी काय करावे लागते?

२. कारणे द्या.
(अ) अनोळखी खेळाडूला आत येता आले नाही.
(आ) किल्ला पूर्ण नाहीसा झाला नाही.

३. फरवानियात दुपारचे तीन वाजले असतील, तर सांगलीत किती वाजले असतील?

४. विचार करून सांगा : छोटूने चूक लपवली असती, तर काय झाले असते?

५. उपक्रम : रायगडाचे चित्र मिळवा. त्यावरून मातीचा किंवा पुठ्ठ्याचा किल्ला तयार करा. किल्ला सांभाळण्यासाठी आपल्या गटाचे चार नियम ठरवून लिहा.