अन्नद्वेषातील रस आणि स्पर्श : एक चिकित्सोपयोगी विचार

‘मुलगा काही खात नाही, भूक लागेल असे औषध द्या’ ही मागणी ज्याने ऐकलेली नाही असा वैद्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. अशा वेळी हात सहज दीपन-पाचन द्रव्यांकडे जातो. हिंग्वष्टक, लवणभास्कर, द्राक्षासव किंवा बाजारातील एखादे सिरप दिले जाते आणि बहुसंख्य रुग्णांत त्याचा उपयोगही होतो. परंतु आमच्या पाहण्यात वारंवार असा एक रुग्णवर्ग येतो की, ज्याचा अग्नी उत्तम असतो, भूक वेळेवर व कडकडून लागते, जिव्हा निराम असते, मलप्रवृत्ती प्राकृत असते आणि तरीही ताटातील निम्म्याहून अधिक पदार्थ त्याच्या घशाखाली उतरत नाहीत. अशा रुग्णास दीपन औषधे देण्याने भूक तेवढी वाढते. खाता येण्याजोगे अन्न वाढत नाही. दरम्यान घरात आईला ‘लाडावून ठेवले’ म्हणून बोल लागतो, मुलाला मार बसतो आणि कुपोषण आपल्या गतीने पुढे सरकत राहते. या वर्गाचे निदान कसे करावे व त्यास काय द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञाविचार

अरोचक, भक्तद्वेष आणि अभक्तच्छंद या तीन संज्ञा व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. टीकाकारांनी मात्र त्यांत स्पष्ट भेद केला आहे. मुखात घातलेल्या अन्नाची चव न लागणे हा अरोचक. अन्नाच्या केवळ स्मरणाने, दर्शनाने वा श्रवणाने द्वेष उत्पन्न होणे हा भक्तद्वेष. आणि क्रोध, भय इत्यादींमुळे अन्नावरील श्रद्धाच उडणे हा अभक्तच्छंद. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात अरोचकाची कारणे सांगताना वातादि दोषांबरोबर शोक, भय यांचा आणि मनास न रुचणाऱ्या अन्नाच्या रूप-गंधाचाही समावेश केला आहे. म्हणजे अन्नद्वेषाचे मूळ प्रत्येक वेळी कोष्ठातच असते असे शास्त्राने मानलेले नाही.

आम्ही ज्या रुग्णांविषयी लिहीत आहोत त्यांत चव न लागणे हा प्रकार नसतो. उलट, त्यांना चव आणि त्याहूनही अधिक अन्नाचा स्पर्श इतरांपेक्षा तीव्रतेने जाणवतो. येथे गुर्वादि वीस गुणांपैकी काही जोड्या डोळ्यांसमोर आणाव्यात. विशद-पिच्छिल, श्लक्ष्ण-खर, मृदु-कठिन, सांद्र-द्रव. द्रव्यगुण शिकताना पाठ केलेल्या या जोड्या म्हणजे तोंडातील स्पर्शाचा संपूर्ण कोशच आहे. ‘मुलगा भेंडी, अळूची भाजी, केळे आणि साबुदाण्याची खीर खात नाही’ असे माता सांगते, तेव्हा तिला चार पदार्थांची यादी दिसते. वैद्याला त्यात पिच्छिल हा एकच गुण दिसला पाहिजे. स्पर्शनेंद्रिय हे सर्व इंद्रियांना व्यापून असते व मनाशी त्याचा समवाय संबंध असतो, हा तिस्रैषणीय अध्यायातील सिद्धांतही येथे आठवावा. जिभेवर आलेला एखादा बुळबुळीत घास संपूर्ण शरीरास शहारा आणतो तो यामुळेच.

आधुनिक विज्ञानही याच दिशेने आले आहे. चवीची संवेदना सातव्या, नवव्या व दहाव्या मस्तिष्क नाडीने जाते, तर अन्नाचा स्पर्श, तापमान आणि तिखटाची आग ही प्रामुख्याने पाचव्या नाडीने. चवीतही माणसामाणसांत जन्मजात अंतर असते. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी या द्रव्याची भुकटी उडाली, तेव्हा सहकाऱ्याला ती कडू लागली आणि स्वतः फॉक्सला बेचव. या फरकामागील प्रमुख जनुक 2003 मध्ये निश्चित झाले. 2013 साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-5 या वर्गीकरणात ‘एआरएफआयडी’ या नावाने अन्न टाळण्याच्या विकाराची स्वतंत्र नोंद झाली. वजन वाढवण्या-घटवण्याची चिंता नसताना अन्नाच्या संवेदनेमुळे, खाण्याविषयीच्या उदासीनतेमुळे वा गुदमरण्या-उलटीच्या भयाने आहार इतका आक्रसतो की पोषण किंवा दैनंदिन व्यवहार बिघडतो, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच वर्गीकरणात स्वमग्नतेच्या लक्षणांतही संवेदनांची अतितीव्रता वा मंदता प्रथमच नोंदली गेली.

रुग्णपरीक्षण

दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला नकार देणे ही बहुतेक बालकांची सहज अवस्था असते. तिला व्याधी म्हणू नये. पदार्थांची संख्या वयानुसार वाढते आहे की घटते आहे हे पाहावे. पूर्वी खात असलेले पदार्थही एकेक करून सुटत असतील तर मात्र सावध व्हावे.

‘काय खात नाही?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या क्षणी थांबतो?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. काही मुले वासानेच स्वयंपाकघराबाहेर जातात. काही ताटात दोन पदार्थ एकमेकांस लागलेले पाहून थांबतात, काही बोटांना ओले लागताच. काहींच्या तोंडात घास जातो, परंतु दोन चावण्यांनंतर उबळ येते. आम्ही मातेस आठ दिवसांची नोंद ठेवावयास सांगतो. त्यात पदार्थ, तो कसा शिजवला होता आणि नकार कोठे झाला, एवढेच लिहावयाचे. न खाल्लेल्याबरोबर आवडीने खाल्लेलेही लिहावे असा आमचा आग्रह असतो, कारण निदानाची किल्ली बहुधा त्या यादीत असते.

सात वर्षांच्या एका बालकाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तक्रार अग्निमांद्याची होती व दोन वर्षे निरनिराळी पाचके देऊन झाली होती. आहार म्हणजे तूप लावलेली पोळी, कोरडा भात, कुरमुरे, भाजलेला पापड, शेंगदाणे आणि बिस्किटे. वरणभात कालवला की उबळ. भाजीत टोमॅटोची साल किंवा मोहरीचा दाणा लागला की घास बाहेर. नोंद पाहता चित्र स्पष्ट झाले. त्याने स्वीकारलेला प्रत्येक पदार्थ पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तोंडात एकसारखा लागणारा होता. नाकारलेल्या पदार्थांत मऊ व कठीण, द्रव व सांद्र यांचे मिश्रण होते, म्हणजे पुढचा घास कसा लागेल याचा भरवसा नव्हता. हे मूल हट्टी नव्हते. ते जपून खात होते.

अर्थात प्रत्येक नकार संवेदनेचा नसतो. दात किडणे, टॉन्सिल, मुखपाक, जुनाट मलावष्टंभ, कृमी, गिळताना वेदना हे प्रथम पाहावे. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने तोंडास धातूची चव येते. कोविडनंतर कांदा, लसूण, कॉफी यांचा वास असह्य झालेले अनेक रुग्ण 2020 नंतर आपण सर्वांनी पाहिले. तो घ्राणविकार होय.

वजन उतरणे, वाढ खुंटणे, घास अडकणे, रातांधळेपणा, हिरड्यांतून रक्त येणे, पाय दुखून मुलाने चालण्यास नकार देणे यांपैकी काही आढळल्यास रुग्ण स्वतःकडे ठेवून घेऊ नये. शेवटच्या दोन लक्षणांमागे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही असू शकतो, आणि मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत तो आजही आढळतो. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे वर्षानुवर्षे चिप्स, पांढरा ब्रेड अशा मोजक्या पदार्थांवर राहिलेल्या एका किशोराची दृष्टी कायमची गेल्याची नोंद 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची उंची व वजन प्राकृत होते, हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे. शाकाहारी घरातील मूल दूध-दहीही नाकारत असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 व ड जीवनसत्त्वाची तपासणी टाळू नये. भाषाविकास मंद असेल, नजर देणे कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचे साहाय्य घ्यावे.

चिकित्सा

बळजबरीने भरवणे प्रथम बंद करावे. ‘पानात टाकायचे नाही’ हा आपल्याकडचा चांगला संस्कार आहे, परंतु उबळ येणाऱ्या मुलाला पान संपेपर्यंत बसवून ठेवण्याने स्पर्शद्वेषात भयाची भर पडते आणि एका व्याधीचे दोन व्याधी होतात. चरकाचार्यांनी अरुचीत कवल, धूम, मुखधावन यांबरोबर मनोज्ञ अन्नपान, हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे. यातील शेवटचे दोन उपक्रम आपण वाचतो, व्यवस्थापत्रावर क्वचितच लिहितो. कवल तर पाच वर्षांखाली निषिद्धच आहे; त्यापुढील वयातही मुखातील स्पर्शच असह्य असणाऱ्या रुग्णात तो घाईने योजू नये.

विमानस्थानात सर्व रसांचे सात्म्य हे प्रवर व एकाच रसाचे सात्म्य हे अवर मानले असून, अवराकडून प्रवराकडे रुग्णास क्रमाक्रमाने न्यावे असे सांगितले आहे. तो क्रम कसा असावा याचे उत्तर सूत्रस्थानातील पादांशिक क्रमात मिळते. तो सांगितला आहे अहितकर सवय सोडून हितकर धरण्यासाठी, पण त्याची योजना येथे नेमकी लागू पडते. आमचा नियम असा की, एका वेळी एकच गुण बदलावा व तोही पाव हिश्शाने. संवेदना फार तीव्र असल्यास सोळाव्या हिश्शाने. वरील बालकाची पोळी स्वीकृत होती. तिच्या कणकेत मुगाचे पीठ प्रथम नाममात्र, मग दर आठवड्यास थोडे वाढवत नेले. स्पर्श तोच राहिला, द्रव्य बदलले. पुढे वरण पूर्ण घोटून, गाळून, बिनफोडणीचे, वाटीत वेगळे ठेवले. भातात कालवले नाही. पहिले काही दिवस ती वाटी नुसती ताटात होती. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलास तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे, नाही तर तिसऱ्या दिवशी ते धीर सोडतात.

संस्काराने गुणांतर होते याचा प्रत्यय या चिकित्सेत रोज येतो. तीच भेंडी झाकण न ठेवता, बारीक चिरून तव्यावर कुरकुरीत परतली, आमसूल किंवा लिंबू घातले की पिच्छिलत्व जाऊन विशदत्व येते. टोमॅटो साल काढून गाळून साराच्या रूपात चालतो. खिरीतील साबुदाणा न खाणारा वड्यातील खातो. आपल्या परंपरेतील ताटाची वाढणी, म्हणजे डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी वाटीत, ही तर अशा रुग्णांसाठीच योजली असावी असे वाटते. एका डब्यात सर्व कालवून दिलेला ‘पौष्टिक’ आहार त्यांना सर्वांत कठीण जातो.

आठ महिन्यांत या बालकाचे स्वीकृत पदार्थ अकरावरून चोवीस झाले. कालवलेला वरणभात तो अद्याप खात नाही व त्याने तो खाल्लाच पाहिजे असे आम्हांस वाटत नाही.

प्रौढांची अडचण वेगळी असते. त्यांनी ही गोष्ट लपवण्याची कला साधलेली असते. बत्तीस वर्षांची एक शिक्षिका ‘जुनाट अम्लपित्त’ म्हणून आली. दुर्बिणीची तपासणी प्राकृत होती. शिरा, उपमा, कालवलेला भात यांचा मऊ-ओला स्पर्श तिला बालपणापासून असह्य होता. माहेरी आई निमूटपणे भाकरी वाढी. सासरी तिने दहा वर्षे सर्वांबरोबर खाल्ले व नंतर न्हाणीघरात जाऊन उलटी केली. सूतशेखर देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. पतीस व सासूबाईंस बोलावून विषय समजावून सांगितला. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग भात मोकळा ठेवत जाईन.’ पुढील महिन्यात उलटी एकदाही झाली नाही.

औषधी कल्पाविषयी

जो नियम अन्नास तोच औषधास. चूर्ण खर, अवलेह पिच्छिल, काढा तिक्त-कषाय व द्रव. रुग्णास कोणता गुण असह्य आहे हे माहीत असल्यास कल्प निवडता येतो. गुळवेल चूर्णरूपात न घेणारा रुग्ण घनवटी घेतो. सत्त्व श्लक्ष्ण असल्याने मुलांत सुकर, मात्र ते चूर्णाच्या बरोबरीचे समजू नये. सितोपलादि मध-तुपात नीट खललेले असेल तर कण लागत नाहीत. एक वर्षाखालील बालकास मात्र मध देऊ नये. कडू औषध आवडत्या पदार्थात चोरून मिसळणे सर्वथा टाळावे. मुलास ते कळतेच, आणि मोजक्या स्वीकृत पदार्थांपैकी एक कायमचा हातातून जातो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या फार्मसीचे चूर्ण उपलब्ध नसेल, तर त्याच नावाचे दुसरे परस्पर देऊ नये. घटक तेच असले तरी वस्त्रगाळाची सूक्ष्मता, रंग, साखरेचा दाणा निराळा असतो आणि मूल पहिल्याच चमच्याला ते ओळखते. आम्ही अशा चिठ्ठीवर ‘बदल करू नये’ असे लिहितो. ते शब्द दिसल्यास वैद्यास एक दूरध्वनी करावा.